अठरा तासांचा अभ्यास आणि झोप

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास अनेक वसतिगृहांत व महाविद्यालयांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. ही मानवंदना आम्हांस मोलाची वाटते. परंतु एका दिवसाच्या अभिवादनाचा वर्षभराचा नियम होऊ लागला आणि पहाटेपर्यंत जागणाराच खरा कष्टाळू ठरू लागला, की विरोध नोंदवणे भाग पडते.

१९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री अंथरुणावर केवळ चार-चार तास मिळाले. तेवढ्यानेच रक्तातील साखरेचा निचरा करण्याची त्यांच्या शरीराची क्षमता घटली. झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला उसंत मिळते. ही उसंत वर्षानुवर्षे नाकारल्यास मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसा वाचलेले मनात पक्के होण्यासही झोपच लागते.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची हकिकत आपण नेहमी सांगतो. परळच्या चाळीतील खोलीत सर्वांना एकाच वेळी झोपण्यापुरती जागा नव्हती. सुभेदार रामजी रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासासाठी उठवीत. सांगताना एक भाग मात्र मागे पडतो. त्याआधी ते मुलाला लवकर झोपवीत आणि दोनपर्यंत स्वतः जागत. पित्याच्या जागरणावर मुलाची झोप राखली गेली होती.

तथागतांनी भिक्खूंना जागृतीचा उपदेश केला, तरी रात्रीचा मधला याम सिंहशय्येसाठी ठेवला. मैत्रीभावनेचे अकरा लाभ सांगताना पहिला मान सुखाच्या झोपेला दिला. भिक्खू एका यामावर भागवीत, असे कोणी म्हणेल. पण भिक्खूंची उंची वाढायची राहिलेली नव्हती!

रात्री दहाला दिवे मालवून पहाटे पाचला वंदनेची घंटा झाली, तर सातच तास उरतात. अंघोळीच्या रांगेसाठी साडेचारला उठणाऱ्या धाकट्यांच्या वाट्याला त्याहून कमी. म्हणून निवासी शाळांनी रात्रीचा अभ्यासवर्ग साडेआठला संपवावा, नऊला दिवे मालवावेत, वंदना साडेपाचला घ्यावी आणि परीक्षेच्या महिन्यातही हे वेळापत्रक मोडू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.