खिळ्याचे माप

अमेरिकेतील मिशिगन राज्यात विधिमंडळाचा कायदा पटला नाही, तर मतदारांना सह्या गोळा करून तो थेट मतदानाला टाकता येतो. 2012 मध्ये दोन लाखांहून अधिक जणांनी तशा सह्या केल्या. कर्जबाजारी शहरावर राज्याने नेमलेला व्यवस्थापक आणून बसवायचा आणि निवडून आलेल्या नगरसेवकांना घरी बसवायचे, असा तो कायदा. सह्या पुरेशा भरल्या. कमी भरली म्हणे ती अर्जाच्या मथळ्याची अक्षरे. मथळा 14 पॉइंटांच्या ठळक टाइपात हवा होता. आक्षेपकांनी छापील अक्षरांना पट्टी लावून ती बुटकी ठरवली. तपासणी मंडळावर दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. मते पडली दोन विरुद्ध दोन! पॉइंट म्हणजे इंचाचा जेमतेम बहात्तरावा भाग. पण त्यालाही पक्ष असतो.

आपल्याकडच्या छापखान्यातल्या एखाद्या जुन्या जुळाऱ्याने हा तंटा चहा निवायच्या आत मिटवला असता. पॉइंटाचे माप खिळ्याच्या, म्हणजे धातूच्या टाइपाच्या, अंगाचे. त्यावरचे अक्षर त्याहून थोडे लहानच असायचे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये मथळा योग्य ठरवला खरा, पण नियम तंतोतंतच पाळले पाहिजेत, अशी तंबीही दिली.

दहा वर्षांनी गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव मतदानाला टाकण्यासाठी साडेसात लाखांवर सह्या आल्या, तेव्हा मजकुरातले काही शब्द एकमेकांना चिकटलेले निघाले. मंडळ पुन्हा दोन-दोन. आपल्याकडे मोडी लिपीत शब्द न तोडता अख्ख्या दौलतीचा कारभार चालला, हे त्यांना कोण सांगणार? चिकटलेल्या शब्दांनी आपला घोटाळा झाला, असे म्हणणारा एकही सही करणारा आक्षेपकांना उभा करता आला नाही. तोही तिढा अखेर न्यायालयानेच पाच विरुद्ध दोन मतांनी सोडवला.

व्यवस्थापकाचा कायदा मतदारांनी नोव्हेंबर 2012 मध्ये फेटाळला. डिसेंबरात विधिमंडळाने जवळपास तसाच दुसरा केला आणि त्यात खर्चाची तरतूद घातली. खर्चाच्या कायद्यावर मतदान मागता येत नाही, असे तिथली राज्यघटनाच सांगते. त्या कायद्याला कोणी पट्टी लावली नाही. त्याच्याखाली नेमलेल्या व्यवस्थापकाच्या अमलात, एप्रिल 2014 मध्ये, फ्लिंट शहराच्या पाण्याचा स्रोत बदलला आणि नळांतून शिसे येऊ लागले.