तुंबल्यावर नव्हे, तुंबण्याआधी: घरची सेप्टिक टाकी, कायदा आणि ‘नमस्ते’ योजना

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व शहरांतील गटारे व सेप्टिक टाक्यांची सफाई शंभर टक्के यंत्राने करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. ‘मॅनहोल’कडून ‘मशीन-होल’कडे, असे त्याचे वर्णन करण्यात आले. त्याआधी दहा वर्षे कायदाही आला होता. तरीही टाकीत उतरलेल्या सफाई कामगारांचे मृत्यू थांबलेले नाहीत. याचे एक मोठे कारण सरकारी कार्यालयात नव्हे, तर घराच्या चेंबरपाशी सापडते. तिथे काम घाईत ठरते.

घाई का होते?

सेप्टिक टाकीतील गाळ दर दोन ते तीन वर्षांनी उपसावा, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. अनेक घरांत मात्र मैला वर येईपर्यंत झाकण उघडले जात नाही. इतक्या वर्षांत तळाचा गाळ घट्ट होतो आणि टँकरच्या पाइपाने तो सहज ओढला जात नाही. मग कोणीतरी म्हणते, “माणूस उतरवावा लागेल.” घरात वास सुटलेला असतो, पाहुणे यायचे असतात आणि सौदा तोंडी व रोखीत होतो.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज जिवावर बेततो. पहिला माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात.

कायदा घरमालकालाही लागू आहे

हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावू शकत नाही. सुरक्षा साधने न देता हाताने करवून घेतलेली सफाई म्हणजे धोकादायक सफाई. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘आम्ही ठेकेदाराला सांगितले होते’ एवढे म्हणून सुटका होईल, असे मानू नका.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूबद्दल वारसांना द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. कायमचे अपंगत्व आल्यास २० लाख रुपये ठरवले.

कॅमेरा आणि यंत्र काय करतात?

नळी नेमकी कुठे व कशाने तुंबली, हे न कळल्यामुळेही माणूस आत पाठवला जातो. लवचीक तारेच्या टोकाला दिवा व कॅमेरा लावून तो चेंबरमधून नळीत सरकवतात. झाडाची मुळे, साचलेले तेलकट थर, कापड, फुटलेली नळी हे सगळे बाहेर उभे राहून पडद्यावर दिसते. त्यानंतर जेटिंग मशीनने पाण्याचा जोरदार मारा करून नळी मोकळी करता येते. टाकीतील घट्ट गाळ पाणी सोडून सैल करतात आणि सक्शन टँकरने ओढतात. नळी फुटलेली असेल, तर नुसत्या सफाईचा उपयोग नाही, दुरुस्तीच करावी लागेल. हे आधी कळले, तर तोच खर्च पुन्हा पुन्हा होत नाही.

सफाईमित्रांसाठी ‘नमस्ते’

२०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी ३४९.७० कोटी रुपयांच्या तरतुदीसह ही योजना आखण्यात आली. तिच्यात गटार व सेप्टिक टाकी सफाई कामगारांची नोंद, सुरक्षा किट, प्रशिक्षण आणि आयुष्मान भारत आरोग्य संरक्षण आहे. सफाईची वाहने व यंत्रे घेण्यासाठी एका व्यक्तीला ५ लाख रुपयांपर्यंत, तर गटाला १८.७५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान ठेवले आहे.

अडचण अशी की लाभाची पहिली पायरी नोंद आहे, आणि घरोघरी रोखीने काम करणारा कामगार कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. म्हणून खासगी काम करणाऱ्यांनी नगरपालिकेत स्वतः जाऊन नावनोंदणीची चौकशी करावी. अनुदानाची सद्यस्थितीही तिथेच विचारावी. अनुदानातून घेतलेले यंत्र चालायचे, तर त्याला कामही मिळायला हवे. शेजारची घरे माणूस उतरवणाऱ्यालाच बोलावत राहिली, तर यंत्राचा हप्ता फिटणार कसा?

वेळापत्रकाचा मार्ग

सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या शहरांनी तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसण्याचे वेळापत्रक आखले. टँकर ठरल्या वेळी दारात येतो, त्यामुळे आणीबाणीच उद्भवत नाही. तुमच्या गावात अशी सोय नसेल, तर वॉर्डातील काही घरांनी मिळून तशी मागणी करावी.

आपण काय करावे?

• टाकी शेवटची कधी उपसली ती तारीख झाकणाजवळ किंवा घराच्या कागदांत लिहून ठेवा.
• काम सांगण्यापूर्वी विचारा: टँकर व यंत्र आहे का, आणि कोणी आत उतरणार आहे का?
• कोणी उतरणार असेल तर काम थांबवा आणि नगरपालिकेला किंवा अनेक शहरांत चालू असलेल्या १४४२० या क्रमांकावर कळवा.
• कोणी आत बेशुद्ध पडल्यास मागोमाग उतरू नका. अग्निशमन दल व रुग्णवाहिका लगेच बोलवा.
• सफाईमित्रांनो, यंत्र व सुरक्षा साधने नसतील तर आत उतरण्यास नकार द्या. कायदा तुमच्या बाजूने आहे.