रॅक नको, मांडणी हवी!

‘कस्टमाइज्ड’ हा शब्द आपण हल्ली कशालाही लावतो. मोबाइलचं कव्हर कस्टमाइज्ड, केक कस्टमाइज्ड, डाएटसुद्धा कस्टमाइज्ड! पण फर्निचरची वेळ आली की चार फोटो चाळायचे, भिंतीचं माप बघायचं आणि ऑर्डर देऊन मोकळं व्हायचं. भिंतीला ते बसतं हो, पण सामानाला पेलतं का?

घोडेगावात माझ्या मामेबहिणीने छोटंसं दुकान टाकलंय. दहा बाय आठचा गाळा. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या बायकांनी आणलेला तांदूळ, नाचणी, मध, हिरड्याची पूड. भांडवल बचत गटाच्या कर्जाचं, म्हणजे फर्निचरवर खर्च एकदाच होणार. ताईने नेटवर एक रॅक हेरून ठेवला होता. पार्टिकल बोर्ड, चार-चार फुटी फळ्या, लुक एकदम कॅफेचा! तरी जुन्नरच्या एका सुतारकाकांना एकदा विचारू, असं आमचं ठरलं.

काकांनी टेप खिशातून काढलीच नाही. म्हणाले, “भिताडाचं माप मागनं घेऊ. आधी सांगा ताई, वजन किती न् हात कुठवर पोचतो?”

इथेच खरं कस्टमायझेशन सुरू होतं. पाच किलोच्या सहा पिशव्या ओळीने ठेवल्या की झाले तीस किलो. फुटामागे वजन तेवढंच ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा बाक दुप्पट नाही, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली की तोच बाक आठव्या हिश्श्यावर येतो. हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात आहे आणि काकांच्या हातात. त्यांनी चार फुटांऐवजी दर दोन फुटांवर उभा आधार धरला. फळी एक इंच जाड, आणि नुसती खिळ्यावर न ठेवता खाचेत बसवलेली.

तांदूळ कमरेच्या उंचीला, म्हणजे उचलताना पाठ धरत नाही. मध नजरेसमोर. हलकी पाकिटं वर. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच उंच, कारण ओल आणि उंदीर! मागे भिंतीपासून दोन बोटं जागा, वारा खेळायला. भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पार्टिकल बोर्डच्या कडेतून एकदा पाणी शिरलं की ते फुगतं, मग स्क्रूसुद्धा धरत नाही.

लाकूड जुन्या वाड्याच्या तुळयांचं, सागाचं. खिळे उपटायचे, कीड तपासायची, मग रंधा. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्यामुळे ते सहसा पीळ घेत नाही. जवसाच्या तेलाचा हात दिला आणि वास जाईपर्यंत मांडणी रिकामी ठेवली. तांदूळ वास पटकन ओढतो ना!

बिल त्या रॅकपेक्षा थोडं जास्तच झालं. पण काकांनी निम्मे पैसे आत्ता घेतले, थोडे दिवाळीनंतर घेणार आणि उरलेल्यात पन्नास किलो इंद्रायणी! कुठली वेबसाइट देते अशी ऑफर?

पूर्वी सुतार बारा बलुतेदारांतला एक होता. वर्षभर औतं दुरुस्त करायची, सुगीला धान्य घ्यायचं. जुन्नरला तर धंद्यांचं हे जाळं फारच जुनं. तिथल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत गिल्ड, नोंदलेल्या आहेत. धान्यवाल्यांनी तर लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलंय! बलुत्याची पद्धत गेली, तिच्यातली जातीची सक्ती गेली ते बरंच झालं. पण गावातला पैसा गावातल्या कारागिराकडे जाणं थांबलं, तर हे हातच उरणार नाहीत. काकांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. रंधा धरायला मागे कोणी नाही.

तेव्हा मंडळी, तुमचं बुटिक असो, बेकरी असो की घरातलं स्टार्टअप, कॅटलॉग उघडण्याआधी एक यादी करा. कुठल्या वस्तूचं वजन किती, दिवसातून ती किती वेळा काढता, ओल कुठून येते. ती यादी घेऊन जवळच्या सुताराकडे जा. आणि हो, भाव करायच्या आधी त्याचं ऐकून घ्या.