अंतर्गत पडझडीचा हिशेब

ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळून घडविलेला संमिश्र धातू ताठपणात मूळ धातूस मागे टाकतो खरा, परंतु ताण वाढू लागताच त्याच्या उदरात जी पडझड सुरू होते, तिचा हिशेब मांडणे वाटते तितके सरळ नाही. कण धातूहून सुमारे सहापट ताठ असल्यामुळे भाराचा मोठा हिस्सा त्यांच्याच शिरावर येतो. त्यांतले थोरले, ज्यांच्या पोटी मोठा दोष दडला असण्याचा संभव अधिक, ते बहुधा प्रथम, ओढीच्या दिशेशी काटकोनात तडकतात, काहींचा धातूशी असलेला सांधा सुटतो, आणि भोवतालच्या मऊ धातूत सूक्ष्म पोकळ्या वाढून एकमेकींस मिळतात. एशेल्बी यांनी १९५७ साली एकट्या कणाचे गणित सोडविले, काचानोव्ह यांनी १९५८ साली हानी एका चलराशीत बसविली, गर्सन यांनी १९७७ साली पोकळ्यांना सूत्रात जागा दिली. या गणितांवर उभी राहिलेली प्रतिमाने बहुधा साऱ्या पदार्थाची सरासरी धरून चालतात. आमच्या मते मेख आहे ती सरासरीच्या या कारभारात: ताठपणाची घट सरासरीला बिनतक्रार सापडते, पण तुटण्याचा निकाल, जेथे कण दाटीवाटीने जमले, अशा एखाद्या कोपऱ्यातच लागतो. त्या कोपऱ्याची दखल घेणारे लेख या अंकी अग्रभागी घातले आहेत. ज्या प्रतिमानाने फुटलेल्या नमुन्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पडताळून दाखविला नाही, ते तूर्त दाखल करून घेतलेले नाही.