डिझेल, मामा आणि एक्सेल शीट

परवाच्या शनिवारी सकाळी सातला बेल वाजली. वीकेंडला सकाळी सातला बेल वाजवणारा माणूस एक तर दूधवाला असतो, नाहीतर गावाकडचा नातेवाईक. दारात मामा उभे होते. भिवंडीला गूळ उतरवून कोल्हापूरला परत चालले होते. गाडी निगडीला ट्रान्सपोर्टनगरीत लावून रिक्षाने आले होते. हातात काकवीची बाटली आणि काखेत एक जाडजूड डायरी.

चहा झाला, आईची चौकशी झाली, मग मामांनी डायरी माझ्यापुढे सरकवली.

"आठ वर्सांचा हिशेब हाय ह्यात. गाडी ठिवू का इकू, तुज्या त्या कॉम्प्युटरला इचार की जरा."

मामांची गाडी म्हणजे एक दहाचाकी ट्रक. एकच. मालक तेच, ड्रायव्हर तेच. पूर्वी एक क्लीनर असायचा, आता तोही नाही. आपल्या देशातले बरेचसे ट्रक असेच एक-दोन-तीन गाड्यांच्या मालकांचे आहेत. मोठमोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांची नावं आपल्याला माहीत असतात, पण त्यांचा माल वाहणारी गाडी बऱ्याचदा अशा एखाद्या मामाचीच असते.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर डिझेलचा विषय निघाला की मीसुद्धा म्हणायचो, "ट्रकवाल्यांचं काय जातं? डिझेल वाढलं की भाडं वाढवतात. शेवटी भाजी महाग होते ती आपल्याला." शनिवार-रविवार बसून ती डायरी एक्सेलमध्ये भरली आणि हे वाक्य गिळावं लागलं. ते कसं, तेच आज लिहितोय.

आधी डिझेल महाग का, ते बघू. सोपं उत्तर म्हणजे कच्चं तेल. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, तेही डॉलर मोजून, त्यामुळे बॅरल महागलं किंवा रुपया घसरला की आपला खिसा हलका. हे खरंच आहे, पण अर्धंच. जून २०१४ मध्ये बॅरल ११० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली आलं. म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मग डिझेल तेवढं स्वस्त झालं का? छे! २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राची अबकारी लिटरला ३ रुपये ५६ पैसे होती. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात ती नऊ वेळा वाढवली गेली आणि १७ रुपये ३३ पैशांवर पोचली. तेल जसं खाली गेलं, तसा कर वर गेला.

२०२० मध्ये पुन्हा तेच. लॉकडाऊनमध्ये तेल कोसळलं आणि मार्च आणि मे मध्ये मिळून डिझेलवरची अबकारी लिटरला १६ रुपयांनी वाढली. एकूण जवळजवळ ३२ रुपये! जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, असं पहिल्यांदाच घडलं. या ३२ रुपयांतली गंमत अशी, की २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर त्यातले फक्त १ रुपया ८० पैसे 'मूळ' अबकारी होते. बाकी सगळं सेस आणि विशेष अबकारी, ज्यात राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. मग राज्यं आपला व्हॅट वेगळा लावतात, आणि तो अबकारीसकट किमतीवर लागतो. म्हणजे करावर कर. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला २ रुपयांचा वेगळा अधिभारही लावला होता.

कुठल्या एका पक्षाला शिव्या घालण्यासाठी हे लिहीत नाही. सरकारं कुणाचीही असोत, डिझेल हे करवसुलीचं सगळ्यात सोपं ठिकाण आहे. देशात मोजक्या रिफायनऱ्या, तिथेच कर कापून घ्यायचा. रिटर्न भरायला कुणाच्या मागे लागायला नको आणि कुणी चुकवूही शकत नाही. एखादा प्रोग्रामर असता तर म्हणाला असता, एकाच फंक्शनमध्ये बदल केला की सगळ्या सिस्टिममध्ये लागू :-)

आणि 'भाव बाजार ठरवतो' हेही तितकंसं खरं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं, जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागला. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये तो थांबला तो पाच राज्यांच्या निवडणुका पार पडेपर्यंत, मार्च २०२२ पर्यंत, हलला नाही. त्यानंतर एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी भावाला हात लावला नाही. मध्ये जे काही उतरलं ते केंद्राने आणि राज्याने कर कमी केला म्हणून. कंपन्यांनी आधी तोटा सोसला, मग तेल उतरल्यावर विक्रमी नफा कमावला. एप्रिल २०२५ मध्ये अबकारी २ रुपयांनी वाढली, पंपावरचा आकडा मात्र तोच राहिला.

असो. आता मामांच्या डायरीकडे वळू.

कोल्हापूर-भिवंडी जाऊन-येऊन ८०० किलोमीटरच्या आसपास. गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. म्हणजे ट्रिपला २०० लिटर. म्हणजेच डिझेल १ रुपयाने वाढलं की ट्रिपमागे २०० रुपये गेले. आता मुंबईतले भाव धरा (कोल्हापुरात थोडं इकडेतिकडे). जून २०२० च्या सुरुवातीला डिझेल ६८ रुपये होतं, नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला १०६. सतरा महिन्यांत ३८ रुपये वाढ. ट्रिपमागे ७,६०० रुपये.

याच काळात मामांचं भाडं किती वाढलं? डायरी सांगते, ४,५०० रुपये. तेही सतरा महिन्यांत तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी दलालाशी भांडून. उरलेले ३,१०० रुपये ट्रिपमागे मामांच्या खिशातून. महिन्याला सात ट्रिपा धरल्या तर २१,७०० रुपये. बँकेचा हप्ता होता ३२ हजारांचा. कोविडमध्ये हप्त्याला काही महिने सवलत मिळाली, पण व्याज चालूच होतं, ते नंतर वसूल झालं.

पण मला खरा धक्का पुढच्या पानांनी दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि मग मे २०२२ मध्ये अबकारी कमी झाली, जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला. डिझेल ९४ वर आलं. आणि मे २०२२ च्या पानावर मामांच्या अक्षरात एक ओळ आहे : 'आज डिझेल उतरले. दलालाचा फोन. भाडे कमी.' त्याच दिवशी! वर जाताना भाडं जिन्याने गेलं, धापा टाकत. खाली येताना लिफ्टने.

असं का होतं? मामांना विचारलं तर म्हणाले, "गाड्या जास्त, माल कमी. म्या न्हाई म्हटलं तर मागं धा जण हुबं." त्यांच्या एका वाक्यात अर्थशास्त्राचं अख्खं प्रकरण आहे. आणि गाड्या 'जास्त' होण्यात धोरणाचाही हात आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. निर्णय वाईट नव्हता. पण एका फटक्यात प्रत्येक गाडीत जास्त माल मावायला लागला, म्हणजे तेवढ्याच मालाला कमी गाड्या पुरायला लागल्या. टनाचा दर पडला.

मग हे लोक तगतात कसे? मामांनी सांगितलेले उपाय लिहितो.

एक, सीमेपलीकडे डिझेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाने व्हॅट कमी केला, आपण लगेच केला नाही. निपाणीकडे लिटरला सात-आठ रुपये स्वस्त. मामा कागल ओलांडून रिकामी गाडी न्यायचे आणि टाकी फुल्ल करून यायचे. मी हिशेब केला : ३५० लिटरवर २,४५० रुपये वाचले, जाण्यायेण्यात हजाराच्या आसपास जळाले. उरले दीड हजार, आणि अर्धा दिवस गेला. २०२४ मध्ये कर्नाटकाने कर वाढवला, तेव्हापासून त्यात राम राहिला नाही.

दोन, टायर. नवे घ्यायचे सोडून रिमोल्ड करून वापरायचे. तीन, क्लीनर काढला. म्हणजे रात्री दोन वाजता डोळा लागला तर "मामा, ओ मामा" म्हणून हाक मारायला शेजारी कुणी नाही. चार, वाराई. गाडी भरण्या-उतरण्याची मजुरी कायम ट्रकवाल्याच्या माथी. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत कोल्हापूरच्या ट्रकवाल्यांनी यावर आंदोलनं केली. पाच, जास्त माल भरणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार. मामा म्हणतात, आता परवडत नाही.

आणि सहा. हे सांगताना मामा माझ्याकडे बघत नव्हते. उतारावर गाडी न्यूट्रल करणं. काही जण तर इंजिनच बंद करतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. ब्रेक दाबत गेलं की टाकीतली हवा संपत जाते आणि नवी भरत नाही. शेवटी ब्रेकच लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्यांना उडवलं. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. वाचलं असेल किती? एखाददुसरा लिटर.

"तुम्ही करता का हो असं?" मी विचारलं.

"पूर्वी करत हुतो. आता न्हाई," मामा म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. त्याच रस्त्याने माझी बायको रोज ऑफिसला जाते.

म्हणून म्हणतो, हा 'त्यांचा' प्रश्न नाही. डिझेलचा बोजा कुठेतरी उतरणारच. तो बिलात उतरला नाही तर टायरवर उतरतो, झोपेवर उतरतो, नाहीतर नवले पुलावर.

आता उपाय काय? 'डिझेल स्वस्त करा' असं मी म्हणत नाही. आश्चर्य वाटेल, पण नाही. डिझेलवर सबसिडी होती तेव्हा तिचा फायदा मोठमोठ्या एसयूव्हींनीही घेतलाच. रस्ते करापासून होतात, धुराचीही किंमत असते. माझ्या मागण्या दोनच.

पहिली, डिझेल जीएसटीत आणा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा डिझेल बाहेर ठेवलं गेलं. माझी कंपनी लॅपटॉप घेते तेव्हा त्यावर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून घेते. ट्रकच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च डिझेल, पण त्यावरचा कर कुणालाच, कुठेच वजा करता येत नाही. राज्यं आणि केंद्र यांना या उत्पन्नाची इतकी सवय झाली आहे की हे लवकर होईल असं वाटत नाही.

दुसरी मागणी छोटी आहे, आणि ती तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातातली आहे. आमच्या ऑफिसच्या बसच्या कंत्राटात 'डिझेल क्लॉज' आहे. डिझेल अमुक टक्के हललं की दर आपोआप बदलतो, वर आणि खाली दोन्हीकडे. मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या ट्रान्सपोर्टरबरोबरच्या करारातही तो असतो. पण तो ट्रान्सपोर्टर जेव्हा बाजारातून मामांची गाडी उचलतो, तेव्हा तो क्लॉज तिथेच थांबतो. वाढ वरच्या वर जिरते. लेखी करारच नाही तर क्लॉज कुठला! तो शेवटच्या गाडीपर्यंत पोचवणं ही काही रॉकेट सायन्सची गोष्ट नाही. बिल्टीवर भाडं ठरल्या दिवसाचा डिझेलचा भाव लिहायचा आणि पोच देताना फरक चुकता करायचा. तुमच्यापैकी कुणी सप्लाय चेनमध्ये असेल, मालवाहतुकीचं ॲप लिहीत असेल, तर हा एक कॉलम वाढवून बघा.

रविवारी रात्री मामांना फोन केला. सांगितलं, "मामा, तुमचा पगार धरला तर गाडी काहीच कमवत नाही. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेलात तर तेवढेच मिळतील, वर डोक्याला ताप नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे हॉर्न वाजत होते.

"हप्तं किती ऱ्हायल्यात?"

"अकरा."

"मग अकरा म्हैनं चालवतो. कुनाची तरी गाडी चालवायचीच तर माजीच चालवतो की."

एक्सेलमध्ये याला कॉलम नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, "मामा, उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा."

"ठिवतो," म्हणाले.