शाल, श्रीफळ आणि वेतन

दरवर्षी ५ डिसेंबर हा दिवस स्वयंसेवकांचा म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली तसा ठराव केला आणि त्या दिवसाच्या पूर्ण नावात ‘आर्थिक व सामाजिक विकासासाठी’ हे शब्द घातले. आपल्याकडे ते शब्द फारसे पोचले नाहीत. समारंभ मात्र पोचला. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र, एखाद्या पुढाऱ्याचे लांबलेले भाषण, आणि ज्यांचा सत्कार व्हावयाचा त्यांना शेवटची एस.टी. गाठण्याची घाई.

स्वयंसेवकाच्या कामाचे मोल मोठे आहे, ह्याविषयी वाद नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा राज्याच्या अनेक भागांतून तरुण तेथे धावले. गावोगावची वाचनालये, रात्रशाळा, रक्तदानाची शिबिरे ही अशाच माणसांच्या बळावर उभी असतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हे श्रम दिसत नाहीत. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरातील पगारी गृहव्यवस्थापिकेशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढे घटते, ही विसंगती पिगूने दाखवून दिली. पण शास्त्राने ती नोंदवली आणि ते पुढे गेले.

ह्या बाबतीत अधिक खोल विचार केला तो रिचर्ड टिटमस ह्यांनी. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ ह्या ग्रंथात त्यांनी ब्रिटनमधील विनामूल्य रक्तदान आणि अमेरिकेतील रक्ताची खरेदी-विक्री ह्यांची तुलना केली. बाजारातून मिळणारे रक्त अधिक सुरक्षित तर नसतेच, उलट नाडलेल्या माणसाला ते विकण्याची आणि आपले आजार लपविण्याची सक्ती होते, हा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. स्वयंसेवेचा ह्याहून भक्कम पुरस्कार अर्थशास्त्राच्या अंगाने क्वचितच कोणी केला असेल.

म्हणूनच ‘पैसा आला की सेवाभाव मरतो’ असे म्हणणाऱ्यांना टिटमस फार आवडतो. परंतु त्या चित्रातील एक गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत रक्त देणारा नागरिक पैसे घेत नव्हता. रक्त काढून घेणारी परिचारिका मात्र पगार घेत होती. दात्याचे दान पवित्र आहे म्हणून परिचारिकेनेही फुकट राबावे, असे टिटमस ह्यांनी कोठेही सुचविले नाही. सार्वजनिक सेवेचा पगारी, कायम सांगाडा उभा होता म्हणूनच त्याच्या आधाराने दानाची वृत्ती टिकली.

आपल्या राज्यसंस्थेने नेमके उलटे केले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण १००० लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्यात आली. तिला नाव दिले मानसेवी स्वयंसेविका. तिच्या कामाची उपयुक्तता महाराष्ट्रात आधीच सिद्ध झाली होती. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून जामखेड भागात अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्यात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये हेच काम देशभर ‘आशां’कडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत ६ भेटी द्यावयाच्या, आणि त्या साऱ्यांचे मिळून २५० रुपये. एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा नाहीत! त्यात पावसातील पायपीट आली, बाळाचे वजन-तापमान आले, नोंदवही आली. कोरोनाच्या काळात तर अनेकांनी दारे लावून घेतली असता हीच बाई ती दारे ठोठावीत होती. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील १० लाखांहून अधिक ‘आशां’चा गौरव केला. तो यथोचितच होता. पण गौरव झाल्यावरही त्या स्वयंसेविकाच राहिल्या.

खरी स्वयंसेवा ओळखावयाची कशी? करणाऱ्याला ‘आज जमणार नाही’ असे म्हणता येते की नाही, हे पाहावे. रक्तदात्याला ते म्हणता येते. भूकंपग्रस्तांसाठी धावलेला तरुण महिन्याने घरी परतला तर कोणी त्याला नोटीस धाडीत नाही. जिच्या कामाला नोंदवही आहे, उद्दिष्ट आहे, वरिष्ठ आहे आणि चुकले तर जाब आहे, तिच्या श्रमाला सेवा म्हणणे ही वेतन टाळण्याची युक्ती होय. ती बहुधा बाईवरच चालते, हाही योगायोग नव्हे. अंगणवाडीची कथा निराळी नाही. १९७५ पासून चालत आलेल्या त्या योजनेतील सेविका व मदतनीस ह्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

चळवळीनेही आपले घर तपासलेले बरे. सभेच्या सतरंज्या कोणी घातल्या आणि कोणी गुंडाळल्या, ह्याची नोंद कोणत्याच अहवालात सापडत नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याचे घर कसे चालते, हा प्रश्न विचारणे कित्येक वर्षे असभ्य मानले गेले. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर पत्नीची नोकरी हे होते. सामाजिक कृतज्ञता निधीने तो प्रश्न उघडपणे हाती घेतला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसा उभा केला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. रक्कम मोठी नव्हती. परंतु कृतज्ञतेला हिशेबाची वही लागते हे त्यांना उमगले होते, आणि त्या मानधनाने कोणाचा ध्येयवाद आटल्याचे ऐकिवात नाही.

शासन, मालक आणि कामगार ह्या तिन्ही पक्षांच्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ च्या ४५ व्या अधिवेशनात योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी व किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती धूळ खात आहे. दिल्लीत ती झटकली जाण्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. ‘आशा’ची निवड नियमानुसार ग्रामसभेने करावयाची असते, तेव्हा तिच्या मोबदल्याविषयी बोलण्याचा अधिकारही ग्रामसभेला पोचतो. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरण्याचा प्रघात आहे. कार्यकर्त्यांनी त्या आधीच्या आठवड्यात आपल्या गावातील ‘आशा’च्या घरी जावे, मागील महिन्यात कोणत्या कामाचे किती पैसे हाती आले आणि किती थकले ते तिच्याकडून लिहून घ्यावे, आणि तो कागद ठरावासोबत सभेत वाचावा.