नाइटिंगेलचा ‘गुलाब’ सरळ करून पाहिला तर?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८५८ चा पाकळ्यांचा आलेख तुम्ही पाहिला असेल. क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले, हे त्यातून लगेच दिसतं. जानेवारी १८५५ मध्ये रोगांनी २,७६१ मृत्यू, जखमांनी फक्त ८३.

तेच आकडे कॉम्प्युटरवर साध्या स्तंभालेखात मांडले की मात्र वेगळी गोष्ट दिसते. सरकारचा स्वच्छता आयोग तिथे मार्चमध्ये पोहोचला. रोगांचे बळी फेब्रुवारीतच २,१२० वर आले होते. सैन्य घटलं म्हणून? नाही, ते तीस हजारांच्या वरच होतं. मूळ चित्रात मार्चपर्यंतचं वर्ष एका गुलाबात, एप्रिलपासूनचं दुसऱ्यात, त्यामुळे ही उतरण मधेच तुटते. सुधारणांची बाजू मांडायला हे सोयीचंच होतं म्हणा! एप्रिलमध्ये आकडा ४७७ वर आला, त्यात आयोगाचा वाटा असेलही. पण घसरण त्याच्या आधी सुरू झाली होती.